कणसूर पियानो

ऑर्विन स्कारच्या निळ्या व्हॅनवर शेवटपर्यंत ‘स्कार आणि मुलगा. पियानो सुरात लावून मिळतील’ असं पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मुलगा त्या धंद्यात कधी आलाच नाही, आणि पुढे तर मुलगाच राहिला नाही. तरी ऑर्विननं ती अक्षरं पुसली नाहीत. व्हॅनचा पत्रा गंजून बदलावा लागला तेव्हा रंगाऱ्याकडून तीच अक्षरं पुन्हा काढून घेतली. विस्कॉन्सिनच्या आमच्या या कोपऱ्यात लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण पाठीमागे हळहळायचे, ‘याला कुणीतरी एकदा सांगायला हवं.’ मी कुणाला सांगू दिलं नाही. ती अक्षरं खोटी नव्हती हे मला ठाऊक होतं.

माझं नाव बर्निस. काउंटी एच या रस्त्यावर चीजचा एक जुना कारखाना बंद पडला होता, तो माझ्या नवऱ्यानं आणि मी घेतला आणि त्यात गाणी टेपवर घ्यायचा स्टुडिओ काढला. गावानं आम्हाला वेड्यात काढलं. पण भिंती जाडजूड होत्या, बाहेरचा वारा आत ऐकू यायचा नाही, आणि चीज मुरवायच्या खोलीत गाणाऱ्याचा आवाज असा काही घुमायचा की शिकागोहून लोक यायला लागले. नवरा लवकर गेला. मग टेपचं मशीन मीच चालवायला लागले.

स्टुडिओत एक उभा पियानो होता. दर ऑक्टोबरात, घरोघरी शेगड्या पेटल्या की, ऑर्विन तो सुरात लावायला यायचा. त्याला लोकांत काम आवडायचं नाही, म्हणून मी त्याला दाराची किल्लीच देऊन ठेवली होती. उंच, जरासा वाकलेला, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं, तोंडात कायम खोकल्याची गोळी. एक पट्टी दाबायची, सूर विरेपर्यंत ऐकायचा, मग खुंटी केसभर पिळायची. आयुष्यभर पियानोंत डोकं घातलं त्यानं, पण एक गाणं कधी वाजवलं नाही. ‘एखादी धून तरी वाजव रे,’ म्हटलं की म्हणायचा, ‘ते माझं काम नाही.’ शुक्रवारी सगळं गाव टॅव्हर्नमध्ये तळलेले मासे खायला जमायचं. तिथल्या पियानोवर कुणी बसलं की ऑर्विन ताट अर्धवट टाकून व्हॅनमध्ये जाऊन बसायचा. मग त्याची बायको आर्डिस त्याचा मासा रुमालात बांधून घ्यायची आणि सगळ्यांकडे बघून हसायची.

आर्डिसचा स्वतःचा पियानो होता, आईकडून आलेला. तो पुढच्या खोलीत शेगडीला उजवी बाजू लावून ठेवलेला, आणि दर हिवाळ्यात त्या बाजूच्या तारा कोरड्या उष्णतेनं उतरत जायच्या. ‘सगळ्या परगण्याचे पियानो सुरात आणि माझा बघा, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा,’ असं ती चारचौघांत म्हणायची. ऑर्विन म्हणायचा, ‘पुढच्या आठवड्यात लावतो.’ तो आठवडा काही उजाडला नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या तारा पिळून आलेल्या माणसाला घरी तार नको वाटायची, एवढंच.

त्या पियानोवर त्यांचा एकुलता एक मुलगा लोवेल शिकला. पोराचा कान बापाचाच होता. शाळेत असतानाच तो बापाच्या हाताखाली तारा सुरात आणायला लागला, आणि त्याच उन्हाळ्यात ऑर्विननं व्हॅनवर ‘आणि मुलगा’ लिहून घेतलं. त्या दिवशी ऑर्विनला मी पहिल्यांदा विनाकारण हसताना पाहिलं. पण लोवेलला सूर लावायचे नव्हते, वाजवायचे होते. शाळा संपल्यावर मार्नी वॉयचिक नावाची एक मोठ्या आवाजाची पोरगी आणि आणखी दोघं यांच्याबरोबर त्यानं रॉक बँड काढला. नाव ठेवलं आमच्या रस्त्याचंच, ‘काउंटी एच’. पहिला अल्बम त्यांनी माझ्याकडेच केला.

त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला लोवेल अल्बम घेऊन घरी गेला. मलाही बोलावलं होतं. ऑर्विननं रेकॉर्डची पहिली बाजू पूर्ण ऐकली, हात मांडीवर ठेवून, चर्चमध्ये बसावं तसा. ती संपली तेव्हा म्हणाला, ‘पियानो बेसूर आहे.’

बस, एवढंच. आर्डिस उठून स्वयंपाकघरात गेली. लोवेलनं टर्की संपवली, भोपळ्याचं गोड खाल्लं, आईला मिठी मारली आणि निघून गेला. माझ्या माहेरच्या पोलिश घरात असं काही झालं असतं तर बशा फुटल्या असत्या, रडारड झाली असती आणि कॉफीपर्यंत सगळं मिटलं असतं. स्कारांसारख्या या नॉर्वेजियन लोकांत बशी फुटत नाही, म्हणून काही मिटतही नाही. लोवेल पुन्हा त्या घरी जेवायला गेला नाही. आईला तो किराणा दुकानात भेटायचा.

मला मात्र त्या वाक्यात बापाची चूक दिसली नाही, कारण माझा पियानो खरंच बेसूर व्हायचा. ऑक्टोबरात लावलेला सूर, आणि बँड येऊन गेला की गेलेला. मी ऑर्विनला टोचायची, ‘तुझं लावलेलं टिकत नाही हं.’ त्याला ते फार लागायचं. ‘माझं लावलेलं वर्षभर टिकतं. तू खोली तापवतेस फार.’ आमचं हे दर वर्षी ठरलेलं.

दुसऱ्या अल्बमचं नाव होतं ‘उरलेला हिवाळा’. तो पुरा होत आला होता. शेवटच्या गाण्याचा पियानो लोवेलनं दोन कडव्यांपर्यंत वाजवला आणि थांबला. तिसरं कडवं कसं न्यायचं ते त्याला अजून सुचत नव्हतं. ‘सोमवारी करू,’ म्हणाला आणि कोट घालून गेला. रविवारी रस्त्यावर न दिसणारा बर्फ होता. वळणावर त्याची गाडी घसरून दुधाच्या टँकरखाली गेली.

दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅमची सँडविचेस होती, बटाट्याची कोशिंबीर होती, कॉफी होती. ऑर्विन दाराशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याचा हात हातात घेत होता आणि प्रत्येकाला ‘रस्ता जपून’ म्हणत होता. आर्डिसला बायकांनी धरून बसवलं होतं. त्याला कुणी धरलं नाही. मला आजही या गोष्टीची चीड येते.

काही दिवसांनी बँड परत आला. मार्नीनं ठरवलं होतं की तिसरं कडवं तिनं स्वतः वाजवायचं, जमेल तसं, पण त्याच पियानोवर, म्हणजे लोवेलचं गाणं पुरं होईल. तिनं झाकण उघडलं, दोन पट्ट्या दाबल्या आणि माझ्याकडे वळली.

‘बर्निस, याला कुणी हात लावला?’

पियानो लख्ख सुरात होता. इतका सुरात मी तो कधी ऐकला नव्हता. झाकणावर खोकल्याच्या गोळीचा कागद पडला होता.

ऑर्विन न बोलावता, मार्च महिन्यात, आपल्या किल्लीनं दार उघडून आला होता आणि पियानो लावून गेला होता. मी फोन केला. तो लगेच आला, टोपी हातात घेऊन.

‘मिस्टर स्कार, हे काय करून ठेवलंत तुम्ही?’ मार्नी म्हणाली.

‘सुरात लावला.’

‘कुणी सांगितलं होतं?’

‘कुणी नाही. तो यावर वाजवायचा. म्हटलं, नीट असावा.’

‘तो नीटच होता! त्याला हवा तसा होता! जिवंत होता तेव्हा त्याचं काही पटलं नाही तुम्हाला. आता गेल्यावरही त्याला सुधारायला निघालात?’

मी मध्ये पडले. म्हटलं, आधी वाजवून तर बघू. लोवेलची दोन कडवी टेपवर चालवली आणि तिसऱ्याला मार्नीनं वाजवलं. मग सगळ्यांनी ऐकलं. ज्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही त्यालाही कळलं असतं, की इथे माणूस बदलला.

‘गेलं,’ मार्नी म्हणाली. ‘हे गाणं अल्बममध्ये नाही. अर्धं गाणं मी लोकांपुढे ठेवणार नाही, आणि असलं जोडलेलं तर मुळीच नाही.’

ऑर्विननं टोपी पियानोवर ठेवली. मग म्हणाला, ‘मी मोडलं. मीच परत करून देतो. बर्निस, मला नुसता पियानो ऐकव.’

टेपवर प्रत्येक वाद्याची वेगळी वाट असते, बाकीच्या बंद करून एकच उघडता येते. मी लोवेलची उघडली. खोलीत तो एकटाच उरला. पियानोबरोबर त्याचा श्वास, जमिनीवर ताल धरणारा बूट, स्टुलाची करकर, सगळं. पहिल्यांदा स्टूल करकरलं तेव्हा ऑर्विननं चटकन मान वळवून खोलीतल्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. मी मशीन बंद करायला गेले तर तो म्हणाला, ‘चालू दे.’

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. सूर लावणं त्याच्या हाडीमाशी होतं, पण सूर बिघडवायचा कसा हे कोण शिकवणार? तो तार उतरवायचा आणि हात नकळत ती पुन्हा जागेवर आणायचा. चिडून त्यानं एकदा सरसकट सगळ्याच तारा ढिल्या केल्या. मार्नी पायरीवर बसून ऐकत होती. ‘हा टॅव्हर्नचा पियानो झाला. त्याचा तसा नव्हता.’

‘बिघाडात काय असं आणि तसं?’ ऑर्विन म्हणाला. पण म्हणता म्हणताच तो थांबला. मला टेप मागे घ्यायला लावली, पुन्हा मागे घ्यायला लावली. मग आतल्या खुंट्यांवर दिवा धरून बोटानं चाचपत राहिला.

‘टेपवर खालच्या सुरांच्या तारा ठीक आहेत. उतरल्यात त्या फक्त उजवीकडच्या, त्यासुद्धा चढत्या क्रमानं, वर जावं तशा जास्त,’ तो म्हणाला. ‘हवेनं असं होत नाही. हे कुणीतरी हातानं केलंय. खुंट्यांना किल्ली लावून.’

मार्नी उठली. आपल्या झोळीतून तिनं एक किल्ली काढली, खुंट्या पिळायची, लाकडी मुठीची. मुठीवर ऑर्विनच्या नावाची अक्षरं डागलेली होती. ती व्हॅनमधून हरवली म्हणून त्यानं कधीकाळी आकाशपाताळ एक केलं होतं.

‘त्याच्या सामानात होती,’ मार्नी म्हणाली, आता जरा मऊ आवाजात. ‘टेप सुरू करायच्या आधी तो आम्हाला जेवायला पिटाळायचा आणि आतून कडी लावायचा. दर खेपेला. काय करतोस विचारलं तर म्हणायचा, पियानोला माणसात आणतोय.’

म्हणजे मी इतकी वर्षं ऑर्विनला उगाच टोचत होते. त्याचं लावलेलं टिकायचं. मुलगा ते उतरवायचा.

ऑर्विननं किल्ली हातात घेतली आणि स्टुलावर बसला. ‘मी लावून जायचो,’ तो म्हणाला, ‘आणि तो माझ्या मागून येऊन ते पुसायचा. इतका राग होता त्याला माझा?’

मुलगा जाऊन पंधरवडा झाला नव्हता आणि बापाला आता हे कळत होतं. मी त्याला व्हॅन चालवू दिली नाही. माझ्या गाडीतून घरी घेऊन गेले. वाटेत तो एवढंच म्हणाला, ‘गाणं राहू दे, बर्निस. त्याला माझा हात लागायला नको होता. नकोच लागू दे.’

आर्डिसनं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता कॉफी टाकली. तो पुढच्या खोलीत कोट न काढताच बसला. ही आपली नेहमीसारखी, पाहुणं आलं की फडकं घेऊन सुरू. पियानोवरचे फोटो उचलले, वर पुसलं, आणि कॉफीचा ट्रे ठेवण्याआधी पट्ट्यांवरून फडकं ओढलं. पियानो खालपासून वरपर्यंत एकदा ओरडला.

ऑर्विननं मान वर केली.

‘पुन्हा ओढ.’

‘काय?’

‘नाही, नुसती मधली दाब. एफ.’

‘आता माझ्या पियानोला मुहूर्त लागला का तुला?’ आर्डिस म्हणाली. ‘आज?’

‘आर्डिस, दाब ना.’

तिनं दाबली. एका पट्टीमागे तीन तारा असतात. एक जागेवर होती, दुसरी थोडी उतरलेली, तिसरी तिच्याहून खाली, आणि तिन्ही मिळून सूर हलत होता. तो मीही ओळखला. सकाळपासून तोच तर ऐकत होते मी, टेपवर.

ऑर्विन उठला. पियानोच्या उजव्या अंगावर, शेगडीच्या बाजूनं, त्यानं तळहात ठेवला. मग एकेक पट्टी दाबत वर गेला. चढत्या क्रमानं, तशाच.

‘हा आपला पियानो आहे,’ तो म्हणाला. ‘त्यानं तिथे आपला पियानो केला होता.’

‘मग?’ आर्डिस म्हणाली. ‘तुला आज कळतंय?’

त्यानं पियानोवरचा हात काढला.

‘पहिला अल्बम वाजला त्या दिवशीच मला कळलं. रोज फडकं मारते मी यावर, मला नाही ओळखू येणार? मला वाटलं तुलाही कळलंय. एवढा कान तुझा! पोरानं आपलं घर उचलून त्या रेकॉर्डमध्ये नेऊन ठेवलं, आणि तू सगळं ओळखून वर बेसूर म्हणालास, असं समजून मी आजवर तुझ्याशी...’ तिनं फडकं तोंडाला लावलं.

‘मला ओळखू नाही आला,’ ऑर्विन म्हणाला. ‘खरंच नाही आला. याच्याकडे मी कान देतच नव्हतो, आर्डिस. हा दिसला की मला काम दिसायचं.’ आणि तो रडायला लागला, उभ्याउभ्याच, कोटाची बटणं लावलेली. या वेळी मी त्याला धरलं.

मी स्टुडिओतून लहान टेप रेकॉर्डर आणला. आर्डिस स्टुलावर बसली आणि खालच्या टोकापासून एकेक पट्टी दाबत वर आली. प्रत्येक सूर विरेपर्यंत आम्ही तिघं श्वास धरून बसायचो. ती टेप लावून ऑर्विननं माझा पियानो तारेला तार मिळवून परत कणसूर केला, त्या जुन्या लाकडी मुठीच्या किल्लीनं. या खेपेला हात एकदाही घसरला नाही. काम संपल्यावर त्यानं पट्ट्या पुसल्या, मार्नीसाठी स्टूल मागे ओढलं आणि जाऊन भिंतीशी उभा राहिला.

तिनं तिसरं कडवं वाजवलं. साधंच, चार बोटांनी, मध्ये एकदा अडखळत. मी टेपचे दोन तुकडे जोडले. जोड कुठे आहे ते मला माहीत आहे, म्हणून मला ऐकू येतो. इतरांना अजून सापडलेला नाही.

‘उरलेला हिवाळा’ सप्टेंबरात बाहेर पडला. त्याच्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला, वाजवणाऱ्यांच्या नावांखाली, मार्नीनं ऑर्विनला न विचारता एक ओळ घातली होती, ‘पियानोचे सूर: स्कार आणि मुलगा’. मी प्रती घेऊन त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यानं ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. आर्डिसनं नवी रेकॉर्ड लावायला घेतली तर म्हणाला, ‘थांब. आधी ती पहिली लाव.’

ती पहिली, थँक्सगिव्हिंगची, कपाटात ताटांच्या मागे होती. आर्डिसनं ती काढून लावली. तो पूर्वीसारखाच बसला, हात मांडीवर. शेगडी अजून पेटलेली नव्हती. पियानोवर लोवेलचा फोटो होता, शाळेच्या कोटातला. ऑर्विनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. बाजू संपली, सुई करकरायला लागली, तरी कुणी उठलं नाही.

‘सुरात आहे,’ ऑर्विन म्हणाला.

‘हे तेव्हा म्हणायचं होतं,’ आर्डिस म्हणाली.

‘हो.’

ती उठली आणि रेकॉर्ड उलटून दुसरी बाजू लावली.